प्रौढवर्ग पावसाळ्यात भरवा

प्रश्न : आम्ही काही शिक्षक कोंडाणे परिसरातल्या कातकरी वाड्यांवर प्रौढवर्ग चालवतो. दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो. लोकांना शिकायची इच्छाच नाही का?

उत्तर : इच्छेआधी वेळापत्रक तपासा. तुमच्या कर्जत-खालापूर भागातली अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून मुख्य वर्ग जून ते ऑक्टोबर, संध्याकाळी, वाडीतच हवा. कोणी म्हणेल, तेव्हा तर लावणी असते. असतेच; लावणीचे दिवस सोडून द्या, पण माणसे निदान घरी असतात. पहिला धडा उचलीच्या हिशोबाचा ठेवा: किती घेतली, किती विटा पाडल्या, किती फिटली. मुकादमाच्या वहीतला आकडा स्वतः वाचता आला, तर चाळिशीतल्या बाईलाही त्याचा त्याच हंगामात उपयोग होतो. सुरुवात कातकरी बोलीतून करा. प्रमाण मराठी मागाहून येईल.

चार-पाच महिने अपुरे, हा आक्षेप मात्र खरा आहे. १९५९मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर केली, पण पुढे वाचायला काही न मिळालेले अनेक जण अक्षरे विसरले. तेव्हा भट्टीवर निघालेल्याच्या हाती हिशोबवही द्या. पुढची पायरी म्हणून जनशिक्षण संस्थेच्या कौशल्यवर्गांची चौकशी करा. १९६७मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून सुरू झालेली ही योजना निरक्षरांनाही प्रवेश देते, हे वाडीत आधीच सांगून ठेवा.