रांग वळताना का तुटते?

प्रश्न : युवक महोत्सवासाठी आम्ही बारा जण संत जनाबाईंवर संगीत प्रवेश बसवतोय. गाता गाता रांग वळते तिथे ती तुटते, आणि गाणाऱ्यांना दमही लागतो. काय करावे?
– एक विद्यार्थिनी, गंगाखेड

उत्तर : जनाबाईंच्या जन्मगावातूनच हा प्रवेश उभा राहतोय, याचा फार आनंद वाटला. रांग तुटते ती पावलांच्या मापामुळे. वळताना आतल्या टोकाच्या मुलीने जागच्या जागी पावले टाकायची, बाहेरच्या टोकाने मोठी. मधल्यांनी आपले माप त्या दोघींवरून ठरवायचे. सगळ्यांनी सारखेच पाऊल टाकले तर रांग वाकणारच. आधी गाणे बाजूला ठेवा. केरव्याच्या आठ मात्रा टाळीवर, संथ लयीत, नुसते चाला. मग गुणगुणत चाला, शेवटी पूर्ण आवाजात. वळण गाण्याची ओळ संपते तिथे घ्या. श्वासाला जागा मिळते आणि शब्दही तुटत नाही. जनाबाईंच्या दळणाचे, जात्याचे हातवारे सर्वांत शेवटी बसवा.

रांग प्रसंगात कशी वापरायची हे पाहण्यासाठी ‘घाशीराम कोतवाल’ (1972) हे नाटक अवश्य अभ्यासा. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांतून तिथे माणसांची रांगच पडदा होते, भिंत होते. रांग दिसायला सुंदर असणे पुरेसे नाही, तिने प्रसंगात काम केले पाहिजे. तुमची रांग दळणाचे जाते होते की वारी, हे आधी ठरवा. ते ठरले नसेल तर कितीही तालीम केली तरी ती कवायतच दिसेल.

रोज एक तालीम मोबाइलवर, सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून चित्रित करा आणि सगळ्यांनी मिळून पाहा.