काटा : एका शब्दाचा प्रवास

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. अशा भूमीत बाभूळ, बोर, निवडुंग आणि सराटे यांचेच राज्य असावयाचे. माणदेशी माणसाला ‘काटा’ हा शब्द प्रथम पायाच्या तळव्याने शिकविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

संस्कृतातील ‘कण्टक’ हे या शब्दाचे मूळ. अणकुचीदार, बारीक, ताठ अशी वस्तू हा त्याचा मूळ अर्थ. माशाचा काटा आणि जेवणाच्या टेबलावरील काटा यांना तो सरळच लागू पडतो. भीतीने अंगावर उभा राहतो तोही काटाच. ‘काटा काढणे’ या प्रयोगात मात्र शुश्रूषा आणि वैर दोन्ही सामावले आहेत. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे बोलणाराच्या स्वरावरून ठरते.

तराजूच्या दांडीच्या मध्यभागी बसविलेली सुई दिसावयास काट्यासारखी, म्हणून तीही काटा झाली. येथे शब्दाने मोठी झेप घेतली. बोचणारी वस्तू दाखविणारी झाली. घड्याळाचे तासकाटा व मिनिटकाटा, मोटारीतील वेगाचा आणि पेट्रोलचा काटा ही सारी त्याचीच भावंडे. पुढे अवयवाचे नाव संपूर्ण यंत्रास मिळाले व तराजूच ‘काटा’ झाला. काटेकोरपणाचाही संबंध लोकमानसात याच सुईशी जोडला जातो.

खेड्यातील धान्याचा व्यवहार पूर्वी काट्यावर नव्हे, मापावर चाले. चिपटे, मापटे, शेर, पायली ही आकारमानाची मापे. ती प्रदेशागणिक निराळी. त्यात माप शिगोशीग भरावयाचे की वरून सपाट करावयाचे, यावर देणाऱ्याघेणाऱ्यांची हुज्जत ठरलेली. तोलाचा मण चाळीस शेरांचा, म्हणजे सुमारे 37.32 किलोग्रॅमचा. 1956 च्या कायद्याने दशमान वजनमापे आली व 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर आणि मण कागदोपत्री गेले. बोलीतून मात्र ते इतक्या लवकर हटले नाहीत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे तो ‘काटा मारणे’ या शब्दप्रयोगाचा. वजनात लबाडी करण्यास भाषेने दिलेले हे नाव आहे. वर्षभराच्या कष्टाचा कांदा किंवा ऊस काट्यावर चढतो, तेव्हा पोत्यामागे अथवा खेपेमागे थोडे वजन कमी दाखविले, तरी हंगामाच्या हिशेबात ती तूट मोठी होते. दांडीचा तराजू तपासण्याची जुनी युक्ती सोपी आहे : रिकामी पारडी समतोल आहेत ना ते पाहावे, मग वजन आणि माल यांची पारड्यांत अदलाबदल करावी. सुई दोन्ही वेळा मध्यावर थांबली नाही, तर दांडीच्या भुजा असमान आहेत असे समजावे.

2009 चा वैध मापनशास्त्र कायदा 1 एप्रिल 2011 पासून अमलात आला. त्यानुसार व्यापारातील काट्यांची ठरावीक मुदतीत पडताळणी होऊन त्यांवर मुद्रा उमटवावी लागते. आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात सुई नाही, दांडी नाही, पारड्यांची जोडीही नाही. अदलाबदलीची युक्ती तेथे चालत नाही. माल ठेवण्यापूर्वी पडद्यावर शून्य आहे काय आणि मुद्रा चालू मुदतीची आहे काय, एवढे ग्राहकाने पाहावयाचे. तरीही बाजारात त्या यंत्राला कोणी यंत्र म्हणत नाही. त्याचे नाव काटाच आहे.