गन शोला जाताय? तिकिटाआधी व्हिसा पाहा

अमेरिकेत बहुतेक राज्यांत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे गन शो भरलेला असतो. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात भरणाऱ्या वॉनेनमाकर शोमध्ये तर चार हजारांहून जास्त टेबलं मांडली जातात. पिस्तुलं, शिकारीच्या रायफली, जुनी लष्करी शस्त्रं, काडतुसं, चाकू असं सगळं एकाच छताखाली मिळतं. तिकीट काढलं की कुणालाही आत जाता येतं, त्यामुळे आपली मंडळीही कुतूहल म्हणून जाऊन येतात. जायला हरकत नाही. मात्र आत प्रवेश मिळाला म्हणजे शस्त्राला हात लावायची परवानगी मिळाली, असं मुळीच नाही.

शस्त्र हातात घेता येतं का?

एच-१बी, एल-१, एच-४, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला शस्त्र, इतकंच काय एक काडतूससुद्धा, जवळ बाळगायला अमेरिकी संघीय कायद्याने मनाई आहे. कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते; त्याशिवायही काही मोजके अपवाद आहेत. 'बाळगणं' या शब्दाचा अर्थ कायदा फार व्यापक घेतो. मालकी लागत नाही, ताबा पुरतो. म्हणून टेबलावरची रायफल उचलून फोटो काढणं किंवा मित्राच्या पिस्तुलाने रेंजवर चार गोळ्या झाडणं, हे दोन्ही टाळा. गुन्हा सिद्ध झाला तर १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि देशाबाहेर पाठवणीही होऊ शकते. भारतातून आलेल्या आई-बाबांना शो दाखवायला नेणार असाल, तर हे त्यांना घरूनच सांगून निघा.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना राज्याच्या अटी पाळून खरेदी करता येते. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी तो घेणाऱ्याला संघीय कायदा शस्त्र घेऊ देत नाही. खरेदीच्या अर्जावर हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. खोटं उत्तर दिलं तर तोही स्वतंत्र गुन्हा.

दारावरचे नियम

निम्म्याहून जास्त राज्यांत आज परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवून फिरता येतं. टेक्सासमध्ये हे २०२१ पासून चालू आहे. पण शोच्या दारात बहुधा आयोजकाचा नियम लागतो, आणि तो जवळजवळ सगळीकडे एकच असतो: भरलेलं शस्त्र आत येणार नाही. छुपं पिस्तूल बाळगण्याचा परवाना असला तरी अनेक शो तेही आत येऊ देत नाहीत. आधी संकेतस्थळावर नियम वाचा, आणि नेहमीचं पिस्तूल घरीच कुलपात ठेवून जा.

विकायला किंवा दाखवायला शस्त्र नेणार असाल, तर ते घरीच रिकामं करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा. दारावर पोलीस किंवा सुरक्षारक्षक ते पुन्हा तपासतात आणि प्लास्टिकची पट्टी अशी आवळतात की शस्त्र चालवताच येणार नाही. बाहेर पडेपर्यंत ती पट्टी तोडायची नाही.

ही काळजी का घ्यायची, ते १९ जानेवारी २०१३ रोजी दिसलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली इथे एक माणूस दारावरच्या तपासणीसाठी शॉटगनच्या पिशवीची चेन उघडत होता. आत काडतूस होतं. बार उडाला आणि तिघे जखमी झाले. त्याच दिवशी इंडियानापोलिसमध्ये शोमधून निघताना एकाने पिस्तूल भरायला घेतलं आणि गोळी स्वतःच्याच हाताला लागली. दोन्ही अपघात येण्या-जाण्याच्या घाईत झाले, म्हणून पिशवी उघडणं आणि शस्त्र भरणं ही दोन्ही कामं गर्दीत करूच नका.

टेबलापाशी

- विक्रेत्याला विचारल्याशिवाय काही उचलू नका.
- प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. समोरच्याने रिकामं म्हटलं तरी स्वतः पाहा.
- नळी कुणाच्याही अंगावर रोखली जाता कामा नये. समोर माणसं असतील तर शस्त्र खाली ठेवा.
- बोट ट्रिगरवर नको. रिकामा ट्रिगर दाबून पाहायचा असेल तर आधी विचारा.
- मुलांचा हात सोडू नका.

खरेदी आणि कागदपत्रं

परवानाधारक विक्रेता शोमध्येही दुकानासारखाच बांधलेला असतो. तो फॉर्म ४४७३ भरून घेतो, ओळखपत्र पाहतो आणि एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासतो. परवानाधारकाकडून पिस्तूल घ्यायला वय किमान २१ लागतं, रायफल किंवा शॉटगनला १८. काही राज्यांत त्यालाही २१.

आपल्या राज्याबाहेर पिस्तूल विकत घेऊन थेट घरी नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनचा रहिवासी पेनसिल्व्हेनियातल्या शोमध्ये गेला, तर आवडलेलं पिस्तूल न्यू जर्सीतल्या परवानाधारकाकडे पाठवावं लागतं. तिथे राज्याचं खरेदीदार ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना दाखवल्यावरच ते हातात मिळतं.

खासगी विक्रेत्याकडून घेताना अनेक राज्यांत पार्श्वभूमी तपासणीची सक्ती नाही. तरीही सौदा परवानाधारकामार्फतच करा. १९९९च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडातली चारपैकी तीन शस्त्रं हल्ला करणाऱ्या दोन्ही मुलांच्या ओळखीच्या, १८ वर्षांच्या व्यक्तीने गन शोमधल्या खासगी विक्रेत्यांकडून घेतली होती. त्यानंतर कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० साली गन शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर शस्त्र घेऊन देणं तर कधीच करू नका. २०२२च्या कायद्याने त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

खर्च किती?

आकडे साधारण आहेत. राज्यानुसार आणि ब्रँडनुसार बदलतात.

- तिकीट: १० ते २० डॉलर, लहान मुलांना बहुधा मोफत. पार्किंग वेगळं.
- नवं ९ मिलिमीटर पिस्तूल: ४०० ते ६०० डॉलर.
- परवानाधारकामार्फत हस्तांतरण: २५ ते ५० डॉलर.
- न्यू जर्सीत ओळखपत्र ५० डॉलर, प्रत्येक पिस्तुलाचा परवाना २५ डॉलर.
- कर: नेहमीचा विक्रीकर वेगळा. शिवाय कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून ११ टक्के आणि कोलोरॅडोत एप्रिल २०२५ पासून ६.५ टक्के खास कर.
- काडतुसं, ५० ची पेटी: १२ ते २० डॉलर. सरावाला एका वेळी दोन-तीन पेट्या सहज लागतात.
- कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण: ३० ते ६० डॉलर.
- प्राथमिक प्रशिक्षण: ७५ ते १५० डॉलर.
- पिस्तुलाचा छोटा लॉकर: ५० ते २०० डॉलर. रायफलीच्या कपाटाला याहून बराच जास्त.

म्हणजे ५०० डॉलरचं पिस्तूल नीट वापरायचं आणि नीट ठेवायचं, तर साडेसातशे ते हजार डॉलर हाताशी हवेत.

परतताना

गाडीतून दुसऱ्या राज्यातून जाताना शस्त्र रिकामं करून डिकीत, कुलूपबंद पेटीत ठेवा. काडतुसंही हाताशी नकोत. रेंजवर किंवा शोमध्ये वापरलेली बॅग भारतात येताना घेऊ नका. एखादं काडतूस कप्प्यात राहून गेलं, तर विमानतळावर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. चुकून राहिलं हे पुढे कोर्टात मांडता येईल, पण सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाईल.

घरात मूल असेल तर लॉकरला पर्याय नाही. परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत सुरक्षा कुलूप द्यावं, असा कायदा आहे. ते मागून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. खरेदीची यादी करताना पहिली ओळ लॉकरची लिहा. त्याचे पैसे बाजूला निघत नसतील, तर यंदा फक्त पाहून या.