सीडीचा रंग पक्का की कच्चा?

कापडाच्या धंद्यात रंगाची पारख केल्याशिवाय कोणी ताका उचलत नाही. ओला पांढरा रुमाल घासून बघतो, तुकडा धुऊन उन्हात टाकतो. पण त्याच कापडाची डिझाइन आणि पार्ट्यांची उधारी ज्या सीडीवर ठेवतो, तिची पारख मात्र कोणी करत नाही. संगणकाने ‘काम पूर्ण’ म्हटले की सीडी पाकिटात आणि पाकीट कपाटात.

मीही हेच केले. २००६ साली साड्यांच्या काठ-पदराची डिझाइन स्कॅन करून तीसेक सीडींवर उतरवून घेतली. पाच वर्षांनी एका जुन्या गिऱ्हाइकाने तोच काठ पुन्हा मागितला, तेव्हा अकरा सीडी नीट उघडल्या नाहीत. मूळ कागद रद्दीत गेले होते. ऑर्डर हातची गेली. त्यानंतर जे शिकलो ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो, कारण जुन्या सीडी आजही अनेकांच्या कपाटात आहेत आणि नव्या राइट करणारेही काही आहेत.

कोरी सीडी म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर रंगाचा पातळ थर, त्यावर चांदीसारखा चमकणारा धातू आणि सर्वांत वर लाखेसारखा लेप. रायटरमधील लेझर त्या रंगाला जागोजागी भाजतो आणि तेच डाग म्हणजे आपला मजकूर. गंमत अशी की हे रंग आपल्याच बिरादरीतले. अझो जातीची भावंडे डाइंगवाले रोज वापरतात, थॅलोसायनिनपासून छपाईचे निळे-हिरवे रंग बनतात. तिसरा सायनिन, तो उजेडाला लवकर हार मानतो. सीडी उलटून पाहिली तर अझो गडद निळा दिसतो, थॅलोसायनिन जवळजवळ रंगहीन आणि सायनिन निळसर हिरवा.

आता दोष ओळखण्याची गोष्ट. ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, सीडी आतून बाहेर लिहिली जाते. पहिल्या फाइली उघडतात आणि शेवटच्या अडकतात, असे असेल तर बिघाड बाहेरच्या कडेला आहे. त्याचे नेहमीचे कारण वेग. पाकिटावर ५२ एक्स छापलेले असते, पण तो वेग फक्त कडेपाशी गाठला जातो. तिथे सीडी किंचित वाकडी असली, किंवा वर कागदी लेबल चिकटवून तोल बिघडवला असेल, तर लेझरचा नेम चुकतो. म्हणून ७०० एमबीची सीडी काठोकाठ भरू नये.

मग सर्वांत हळू राइट करावे का? पुष्कळ जण असा सल्ला देतात, मला तो पटत नाही. जलद भाजण्यासाठी बनवलेला रंग फार मंद आचेवर ठेवला तर डाग फिसकटतात, हे भट्टीवर काम केलेल्याला समजावून सांगावे लागणार नाही. ५२ एक्सच्या सीडीला १६ ते २४ एक्स आणि १६ एक्सच्या डीव्हीडीला ८ एक्स, हे माझे माप.

सुरुवातीलाच सीडी ओळखली जात नसेल तर लेन्सवरची धूळ, थकलेला लेझर किंवा राइट करताना सेशन बंद न करणे, यांपैकी काही असते. आपल्या मशीनवर चालते आणि दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही, तेव्हाही आधी सेशन पाहावे. आजकाल लॅपटॉपला बाहेरून जोडायचे रायटर आले आहेत. यूएसबी २ च्या एका तोंडातून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते आणि ती पुष्कळदा अपुरी पडते. लांब वायर टाळावी, दोन तोंडांची वायर लावावी. फाइली आधी मशीनच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि राइट होईपर्यंत दुसरे काम करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कुठे होता ते कळत नाही.

मालाची अस्सलता हा वेगळाच विषय. गिरगावच्या शेजारी लॅमिंग्टन रोडवर मी नामवंत छापाच्या सीडी पडत्या भावात घेतल्या आणि छाप नकली निघाला. लालबाग-परळच्या गिरण्यांचे नाव जसे कापडाच्या काठावर छापलेले असे, तशी कोऱ्या सीडीच्या खोबणीत कारखान्याची खूण असते. ती वाचणारे छोटे प्रोग्राम मिळतात. आपल्याकडचा मोठा कारखाना मोझर बेअरचा, पण २०१८ साली ती कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. जपानच्या ताइयो युदेनने २०१५ मध्येच हा धंदा सोडला. त्यामुळे दुकानात मिळणारा माल जुना असू शकतो, आणि रंग न लिहिताही म्हातारा होतो.

सीडीची नाजूक बाजू चमकणारी नव्हे, नावाची. तिथे रंग आणि धातूवर फक्त लेप असतो. बॉलपेन चालवू नये. नाव आतल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. डीव्हीडीत रंग दोन चकत्यांच्या मध्ये असतो, ती या बाबतीत बरी.

राइट झाल्यावर तपासणीचा पर्याय निवडावा आणि दुसऱ्या, शक्यतो जुन्या मशीनवर फाइली उघडून पाहाव्यात. दोन प्रती, दोन ठिकाणी. हिंदमात्याला पावसात पाणी भरते, हे दादर-परळच्या दुकानदाराला सांगायला नको. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा ते केवळ सीडीच्या भरवशावर सोडू नयेत, हार्ड डिस्कवरही घ्यावेत.

न उघडणारी सीडी लगेच फेकू नये. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल नाही, आणि तीन-चार वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. माझ्या अकरांपैकी सात पुतण्याच्या जुन्या मशीनवर उघडल्या. त्या काठाची सीडी मात्र त्यांत नव्हती.