मुल्हेरची रासक्रीडा आणि आपली बोली

शाळेत आपण भाषा पुस्तकावरून शिकतो. परंतु भाषा कानाने कशी शिकतात, हे पाहावयाचे असल्यास उत्सवासारखे दुसरे ठिकाण नाही. सुदैवाने असा एक उत्सव आपल्या बागलाणातच आहे. नामपूरहून मोसम नदीच्या काठाने जायखेडा, ताहाराबाद अशी गावे मागे टाकीत वर गेले म्हणजे मुल्हेर लागते. तेथे उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी कोजागिरी पौर्णिमेस रासक्रीडा होते. तिचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

उत्सवाची रचना साधी आहे. लाकडाचे एक भले मोठे चक्र पानाफुलांनी सजवितात आणि गावकरी ते सर्वांच्या हातांनी उचलून उंच खांबावर चढवितात. गावातील लहान मुले राधा, कृष्ण व गोपी यांचे वेष घेतात. मग रात्रभर पदे चालतात आणि पहाटे चक्र खाली उतरते. ही पदे केवळ मराठी नाहीत. त्यांत हिंदीही आहे आणि गुजरातीही आहे. ज्या मुलांनी गुजरातीचे एक अक्षरही गिरविले नाही, त्यांच्या कानी ती भाषा अशा रात्री पडते.

एवढ्याशा गावी इतक्या भाषा कोठून आल्या? याचे उत्तर भूगोलात व इतिहासात आहे. सुरतेहून दक्षिणेत येणारी वाट बागलाणातून जात असे. मुल्हेर म्हणजे जुने मयूरगिरी, बागुल राजांची राजधानी. त्यांच्या आश्रयास असलेल्या रुद्रकवीने इ. स. १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश' हे २० सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचिले. पुढे इ. स. १६३८ मध्ये मोगलांनी हे राज्य घेतले. पश्चिमेस डांगचे रान, तेथे भिल्ल व कोकणा लोकांच्या बोली. एका बाजूस गुजरात, दुसऱ्या बाजूस खानदेश. अशा चव्हाट्यावर एकच भाषा नांदली असती, तरच नवल!

आता आपल्या घरच्या अहिराणीकडे पाहा. मराठीत आपण 'आहे' म्हणतो, गुजराती मनुष्य 'छे' म्हणतो, आणि आपली आजी 'शे' म्हणते. मराठीत 'रामाचा', गुजरातीत 'रामनो', तर अहिराणीत 'रामना'. ग्रियर्सनसाहेबांनी आपल्या भाषापाहणीच्या इ. स. १९०७ च्या खंडात या बोलीचा विचार भिल्ल बोलींबरोबर केला, यात म्हणून आश्चर्य नाही. जिच्या एका हातात मराठीचे बोट व दुसऱ्या हातात गुजरातीचे, अशी ही बोली आहे. ती ज्याच्या कानात मुरली आहे, त्यास गुजराती पद सर्वस्वी परके कसे वाटेल?

व्रजभूमीतील रासलीलेतही राधाकृष्णांच्या भूमिका लहान मुलेच करितात, आणि मोठी झाली म्हणजे ती धाकट्यांस जागा देतात. अशा परंपरेचे बळ व भय दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. प्रत्येक पिढीस नवी मुले मिळाली, तर ती शतके टिकते. एका पिढीने पाठ फिरविली, तर सूर राहतो, पण अर्थ जातो. आणि पुढे सूरही जातो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलगा घरी अहिराणी बोलला तर त्यास गावंढळ म्हणून दटावू नये. शुद्ध मराठी त्यास अवश्य यावी, इंग्रजीही यावी. परंतु एक भाषा येण्यासाठी दुसरी विसरावी लागते, असा नियम कोठेही नाही. मुल्हेरचा उत्सव हेच सांगतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एक अभ्यास सुचवितो. येत्या सुट्टीत घरातील वा शेजारच्या वृद्ध मनुष्याजवळ बसून एक जुने पद किंवा ओवी उतरून घ्या. जसे उच्चारिले तसेच लिहा, सुधारू नका. न कळलेल्या शब्दाखाली रेघ ओढा व त्याचा अर्थ त्यांनाच विचारा. आज सांगणारे आहेत, तोवर विचारून घ्यावे. पुढे विचारू म्हटल्याने सांगणारा थांबत नाही.