ओव्हनला 'पुरे' म्हणता येईना

काल रात्री फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, तिसरा केक जळाला. वरून कोळसा, आतून लगदा. मला जमतच नाही गं." खरं सांगू का, मला वाईटही वाटलं आणि थोडं हसूही आलं. अगं, मागच्या महिन्यापर्यंत याच हाताने, याच मापाने केलेले केक छान फुगत होते ना? मग एकदम हातच कसा बिघडेल? बिघडलं असेल तर दुसरंच काहीतरी. चहा घेऊन बस, आपण एकेक करून बघू.

आधी माझे पराक्रम ऐक, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. नवीन ओटीजी आला तेव्हा मी परदेशी पुस्तकातली कृती उघडली. त्यात लिहिलं होतं ३५०. माझा नॉब २५०ला संपत होता. मी म्हटलं, ठीक आहे, पूर्ण फिरवू आणि थोडा वेळ जास्त ठेवू! ते ३५० फॅरनहाइट होतं, म्हणजे आपलं जेमतेम १७७ सेल्सिअस, हे कळेपर्यंत स्वयंपाकघरात धूरच धूर. दुसऱ्यांदा टायमर 'स्टे ऑन'वर ठेवून दारात शेजारणीशी बोलत बसले. त्या खुणेवर टायमर बंद होतच नाही, हे त्या दिवशीच्या नानकटाईने शिकवलं. ह्यांनी एक उचलून विचारलं, "कॅरम खेळायच्या का?"

तेव्हा ओव्हनवर आरोप ठेवण्याआधी घरच्या घरी चार गोष्टी तपास. रॉडचा नॉब चुकून फक्त वरच्या रॉडवर नाही ना? केकला दोन्ही लागतात. जाळी मधल्या खाचेत आहे ना? टिन नवीन, काळा आहे का? काळं भांडं उष्णता जास्त ओढतं. पंखा चालू असेल तर कृतीतल्या तापमानातून २० अंश कमी कर. आणि बघ, तळाला फॉइल अंथरायची सवय असेल तर आजच सोड. तुला वाटतं साफसफाई वाचते, पण आतली उष्णता भलतीकडेच फिरते.

हे सगळं ठीक असेल तर मग मोजायचं. अंदाज नाही गं, मोजायचं. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो मधल्या जाळीवर मध्यभागी ठेव. नॉब १८०वर ठेव, वीस-पंचवीस मिनिटं तापू दे आणि मग दर पाच मिनिटांनी काचेतूनच आकडा वाचून लिही. दार उघडायचं नाही! पाच-सहा आकडे झाले की सरासरी काढ. आकडा वरखाली होताना दिसला तर घाबरू नकोस. ओव्हन तापतो, थांबतो, निवतो, परत तापतो. पंधरा अंश इकडेतिकडे होणं ही त्याची रोजची चाल आहे.

थर्मामीटर नसेल तर साखर आहेच. छोट्या स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर घे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. आधी १७५वर पंधरा मिनिटं ठेव, दाणा तसाच राहायला हवा. मग दुसरी वाटी १९०वर तेवढाच वेळ ठेव, ती वितळायला हवी. १७५लाच साखरेचं पाणी झालं तर ओव्हन खोटं बोलतोय. फक्त चाखून बघायला बोट घालू नकोस, वितळलेली साखर फार वाईट पोळते. मला कसं माहीत, विचारू नकोस.

आता निकाल. आकडा नेहमीच वीसेक अंश जास्त येत असेल, पण तिथेच टिकत असेल, तर दुरुस्तीची घाई नको. नॉबवर १६० आणि १८० यांच्या खऱ्या जागी नेलपॉलिशचा ठिपका लाव. माझ्या जुन्या ओव्हनने अशा दोन लाल ठिपक्यांवर कित्येक दिवाळ्या काढल्या. पण नॉब १८०वर आणि थर्मामीटर २१०, २३०, २५० असा चढतच चाललाय, तर तो बिघाड आहे, आणि तो बहुतेक थर्मोस्टॅटचा.

नावाला दबून जाऊ नकोस. थर्मोस्टॅट म्हणजे ओव्हनला 'पुरे' म्हणणारा. साध्या ओटीजीत दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. निवली की सरळ होते, वीज परत जुळते. काही ओव्हनमध्ये पट्टीऐवजी तांब्याची बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला पेन्सिलीएवढा जाड फुगवटा. आतला द्रव तापून फुगतो आणि खटका पाडतो. दर वेळी खटका पडताना बारीकशी ठिणगी उडते. वर्षानुवर्षं असं झालं की खटक्याची टोकं झिजतात, काळी पडतात आणि एक दिवस चक्क एकमेकांना चिकटून बसतात. मग 'पुरे' म्हणणारं कुणी उरत नाही, रॉड लाल ते लालच.

हे तुला कानानेही कळेल. ओव्हन रिकामा ठेव, दोन्ही रॉड चालू कर, २०० वर दहा-पंधरा मिनिटं तापव. मिक्सर, टीव्ही, सगळं बंद कर. आता कान जवळ नेऊन नॉब हळूहळू मागे फिरव. कुठेतरी 'टक' असा बारीक आवाज यायला हवा आणि त्यानंतर रॉडची लाली उतरायला हवी. दिव्यावर फार भरवसा ठेवू नकोस, काही ओव्हनमध्ये तो टायमर संपेपर्यंत लागलेलाच राहतो. नॉब अगदी खालच्या आकड्यापर्यंत आला, तरी 'टक' नाही आणि रॉड लालच, तर खटका चिकटलाय. आणि टायमरची घंटा वाजून गेल्यावरही रॉड तापलेलेच राहिले, तर टायमरही गेलाय. दोन्हीपैकी काहीही झालं तरी भिंतीवरचं बटण बंद कर, निवल्यावर प्लग काढ आणि दुरुस्त होईपर्यंत 'एकच पाव भाजते' म्हणूनही लावू नकोस. कधी आत काही पेटलंच, तर दार उघडायचं नाही, पाणी तर मुळीच नाही. वीज तोडायची आणि दार बंद ठेवून विझू द्यायचं.

एक गोष्ट मात्र तुला बघता येईल. तुझ्या ओव्हनमध्ये नळीवाला प्रकार असेल तर प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर आत बघ. तो फुगवटा भिंतीवरच्या चिमट्यात बसलेला हवा. मी एका दिवाळीच्या सफाईत तारेच्या घासणीने ओव्हन इतका घासला, की फुगवटा चिमट्यातून निसटून मागच्या फटीत जाऊन पडला. तिथे गारवा, आत भट्टी! बिचाऱ्याला वाटलं अजून तापायचंय. मी आठवडाभर मैद्याला दोष देत होते. निसटला असेल तर अलगद परत बसव. नळी पिचली असेल, आतला द्रव गळला असेल, तर मात्र अख्खा थर्मोस्टॅट बदलावा लागतो. मागचं झाकण काढायच्या फंदात पडू नकोस. आणि मायक्रोवेव्हवाला कन्व्हेक्शन असेल तर प्लग काढूनसुद्धा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहते.

हो, आणि ओव्हन बाहेरूनच तापतोय का, तेही बघ. मागे आणि बाजूला वीतभर मोकळी जागा हवी, वर तुझ्या त्या विणलेल्या रुमालाची घडी नको. प्लग कुठे लावतेस? २००० वॉटचा ओव्हन आपल्या २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच लागतो. मोबाइलच्या चार्जरशेजारी एक्स्टेन्शन बोर्डात लावला असशील, आणि प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास येत असेल, तर तो तिथूनच. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर थर्मोस्टॅट राहू दे, आधी अर्थिंग तपासून घे.

मेकॅनिक आला की "केक जळतो" एवढंच सांगू नकोस. तो म्हणेल, मॅडम, कमी वेळ ठेवा. त्याला तुझे आकडे दाखव आणि 'टक' येत नाही ते ऐकव. नवीन थर्मोस्टॅट त्याच मापाचा हवा: तितकेच अँपिअर, तितकीच तापमानाची मर्यादा, नळी असेल तर तिची लांबीसुद्धा. माझ्याकडे एकदा आलेला माणूस म्हणाला, "ताई, पार्ट मिळत नाही, डायरेक्ट करून देतो." म्हणजे थर्मोस्टॅट काढून वायरी सरळ जोडायच्या! मी त्याला चहा पाजला आणि तसाच परत पाठवला.

बघ, डायरेक्ट ओव्हन आपल्या घरी होताच. आईचा तो गोल, ॲल्युमिनियमचा, वर काचेची खिडकी असलेला. त्याला थर्मोस्टॅट नव्हता. म्हणून आई समोर स्टूल टाकून बसायची, खिडकीतून बघत, वास घेत, आणि वेळ झाली की प्लग काढायची. 'पुरे' म्हणायचं काम तिचं होतं. तुला ऑफिस आहे, पिल्लू आहे, तू कुठे स्टुलावर बसणार? तो पार्ट मिळेपर्यंत थांब, पण डायरेक्ट करू नकोस.

आणि रविवारच्या वाढदिवसाच्या केकची काळजी सोड, तो कुकरमध्ये करू. कुकरच्या तळाला मिठाचा जाड थर, वर छोटा स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेली. दहा मिनिटं रिकामा तापव, मग टिन ठेवून मंद आचेवर चाळीसेक मिनिटं. वरून लाली येणार नाही, पण क्रीमखाली कुणाला दिसतंय? मी शनिवारी संध्याकाळीच येते. साखरेच्या वाट्या तोवर तू करून ठेव, 'टक' ऐकायला चार कान असलेले बरे.