पळस्प्याहून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे

पळस्पे फाट्यावर उभें राहिलें म्हणजे दोन रस्ते फुटतांना दिसतात. एक बोरघाट चढून पुण्यास जातो; दुसरा दक्षिणेकडे वळून गोव्याची वाट धरतो. या दुसऱ्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं, गर्द झाडीनें भरलेल्या एका डोंगराच्या माथ्यावर काळ्या दगडाचा एक सुळका, कोणीं आंगठा उभारून धरावा तसा, आभाळांत शिरलेला दिसतो. हाच कर्नाळा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं तो गाडीच्या खिडकींतून अनेक वेळां पाहिलेला आहे. परंतु भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचा धडा चालला असतां एका मुलानें जेव्हां विचारलें, “गुरुजी, असलें कांहीं आपल्याकडे कां नाहीं?” तेव्हां वर्गांतील एकाच्याहि डोळ्यांपुढें कर्नाळा आला नाहीं. जपानचा फुजी व इटलींतील व्हेसुव्हियस हीं नांवें सर्वांस तोंडपाठ. स्वतःच्या पायांखालीं काय आहे याची मात्र कोणास गंधवार्ता नव्हती. त्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत न देतां डोंगरावर द्यावें असें आम्हीं ठरविलें, आणि हिवाळ्यांतील एका शनिवारीं तेवीस विद्यार्थी, दोन शिक्षक व डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेला एक ठाकर वाटाड्या असे आम्ही पहाटे पळस्प्याहून निघालों.

वाटेंत शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ सालीं या गांवीं झाला. मुलांनीं तेथें थांबून नमस्कार केला. फडक्यांचा अंत एडनच्या तुरुंगांत १८८३ सालीं झाला हें पाठ्यपुस्तकांत आहे; परंतु एडनचें जुनें शहर एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत वसलेलें आहे, हें त्यांत नाहीं. लाव्ह्याच्या खडकांपाशीं जन्मलेल्या त्या पुरुषास मरणहि लाव्ह्याच्या खडकांतच आलें. असो, आपला विषय तो नव्हे.

कर्नाळ्याच्या पायथ्याचें रान १९६८ सालीं पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखलें गेलें. चढण सुरू झाल्यावर अर्ध्या घटकेंतच आम्हीं मुलांस थांबविलें आणि एका फुटलेल्या दरडीकडे बोट दाखविलें. दगडाला मुगाएवढीं, वाटाण्याएवढीं भोंकें होतीं. कांहीं मोकळीं, कांहींत पांढरी, चकाकणारी खडी भरलेली. हीं किड्यांनीं पोखरलीं काय, असें एकानें विचारलें. घरीं तव्यावर घावन टाकलें म्हणजे त्याला जाळी कशी पडते तें त्यास आम्हीं आठवावयास सांगितलें. सुमारे अकराशें ते बाराशें अंश सेल्सिअस उष्णतेचा वितळलेला खडक जमिनीवर पसरतांना त्यांतील वायु वर येऊं पाहतो. वरचा भाग आधीं निवतो आणि बुडबुडे जागच्या जागीं अडकतात. पुढें लाखों वर्षें पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखीं खनिजें सांठतात. थोडें वर गेल्यावर दगड घट्ट, काळा व भोंकांवाचून लागला. तो थराच्या पोटांतला, सावकाश निवालेला. आणि महाराष्ट्रांत कित्येक ठिकाणीं दोन थरांच्या मध्यें विटकरी रंगाच्या मातीची एक पट्टी आढळते. ती म्हणजे आधींचा थर निवून, झिजून, त्याची माती होण्याइतका काळ लोटल्यानंतर मग दुसरा थर त्यावर पसरला याची साक्ष. भूगर्भाचे स्फोट एका रात्रींत उरकले नाहींत, हें त्या तांबड्या पट्टीवरून शिकावें.

आतां मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. “ज्वालामुखीचें तोंड कोठें?” असें वर येतां येतां चौघांनीं विचारलें, आणि प्रत्येकाचें बोट सुळक्याकडे होतें. सुळका म्हणजे तोंड नव्हे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनची भूमि घडली ती बव्हंशीं शंकूच्या आकाराच्या डोंगरांतून नव्हे, तर जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून. भेगांतून उसळलेला लाव्हा पाण्यासारखा सपाट पसरत गेला. थरावर थर चढले. आणि एवढ्या झिजेनंतरहि आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें झांकलेला आहे. सबंध महाराष्ट्र राज्य तीन लक्षांहून थोडें अधिक भरतें, यावरून त्याचा विस्तार ध्यानांत येईल. अशा भेगेचा एक लहानसा नमुना माणसानें पाहिलेला आहे. आइसलंडांत १७८३ सालीं लाकी नांवाच्या ठिकाणीं सुमारें २७ किलोमीटर लांबीच्या भेगेंतून आठ महिने लाव्हा वाहिला. त्या विषारी वायूनें गवत नासलें, गुरें मेलीं आणि मागून आलेल्या दुष्काळांत त्या देशाची जवळजवळ पांचवा हिस्सा प्रजा नाहीशी झाली. दख्खनच्या मानानें तो एक थेंब होता.

मग ती भट्टी गेली कोठें? ती कोठेंच गेली नाहीं. गेलों तें आपण. भारताची भूमि उत्तरेकडे सरकत राहिली, आणि ज्या उष्ण स्थानावरून जातांना हा लाव्हा वर आला तें हिंदी महासागरांतच राहिलें, असें बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तेथील रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजहि वरचेवर पेट घेतो. भारताचा स्वतःचा जागृत ज्वालामुखी पाहावयाचा तर अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेटाकडे जावें लागेल. तो दीर्घ काळ निजून १९९१ सालीं पुन्हां जागा झाला.

दगडाच्या या कडक व मऊ थरांनींच सह्याद्रीला पायऱ्या पडल्या. कडक थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. युरोपांतील भूवैज्ञानिक या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दहि जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. आमच्या पूर्वजांनीं भूगर्भशास्त्राचें पुस्तक वाचलेलें नव्हतें. परंतु तटाऐवजीं कडा कोठें वापरावा हें त्यांना कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. कर्नाळा लहान आहे, उंची दीड हजार फुटांच्या आसपास. तरी पनवेलच्या बंदरावरून घाटाकडे जाणारा माल त्याच्या नजरेखालून जाई, म्हणून त्याच्यासाठीं सत्ताधीश भांडले. १६५७ सालीं तो शिवाजीमहाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांस द्यावा लागला, १६७० सालीं परत घेतला, आणि १८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें तो इंग्रजांसाठीं जिंकला.

माथ्यावर सुळक्याच्या पायाशीं खडकांत खोदलेलीं टाकीं आहेत. सुळका सवाशें फुटांच्या आसपास उंच आहे. निवतांना आकसलेल्या खडकास उभ्या चिरा पडल्या. त्या चिरांतून पाणी शिरून भोंवतालचा भाग ढासळला आणि अधिक घट्ट असा हा गाभा तेवढा उभा राहिला. जेथें चीर नाहीं असा अखंड दगड हेरून गडकऱ्यांनीं टाकीं खोदलीं, म्हणून पावसाचें पाणी त्यांत ठरतें. तेथून पूर्वेस पाहिलें तर प्रबळगड व माथेरान दिसतात. त्यांचे माथे पाटासारखे सपाट, कारण तेथील थर आडवे आहेत. तेच थर पनवेलच्या आसपास येऊन पश्चिमेस कलतात आणि मुंबईच्या बाजूस समुद्राकडे उतरत जातात. पश्चिम किनारा तुटतांना हा बांक आला असावा. भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनीं १९४९ सालीं त्यास पनवेलचें नांव दिलें, आणि जगांतील शास्त्रग्रंथांत तो त्याच नांवानें ओळखला जातो. हे ऑडेन केवळ टेबलापाशीं बसणारे गृहस्थ नव्हते. शिप्टन व टिलमन यांच्या १९३७ च्या शक्सगाम मोहिमेंत के-टूच्या उत्तरेकडील हिमनद्यांवर ते हिंडलेले होते. आपल्या गांवांचें नांव जगांत गेलें तें अशा पायीं चालणाऱ्या माणसामुळें, हें ऐकून मुलांस मोठी मौज वाटली.

येथवर सहल आमच्या मनासारखी झाली. यापुढची हकीकत सांगणें अप्रिय आहे, तरी पालकांस ती कळली पाहिजे. प्रत्येकानें दोन लिटर पाणी आणावें असें आम्हीं सांगितलें होतें. निघतांना कोणाच्या पाठीवर किती आहे हें मोजलें नाहीं. टाक्यांपाशीं पोहोंचलों तेव्हां निम्म्या बाटल्या कोरड्या होत्या. टाक्यांतील पाणी उकळल्यावांचून पिण्याजोगें नव्हतें. एवढ्यांत आठवींतला एक मुलगा डोकें धरून मटकन खालीं बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याच वेळीं चार-पांच मोठीं मुलें सुळक्याला वळसा घालून पलीकडच्या टोंकास जाण्यासाठीं ओरडत पुढें निघालीं. वाटाड्यानें धांवत जाऊन त्यांस अडविलें आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, “गुरुजी, पोरांना गप करा. वर बघा.”

वर कड्याच्या कपारींत आग्या माशांचीं पोळीं लोंबत होतीं. सुपाएवढीं, काळसर, आणि त्यांवरून मधून मधून लाट गेल्यासारखी थरथर होत होती. “माशा उठल्या तर इथं पळायला जागा न्हाय,” तो म्हणाला. मोठा आवाज, धूर, अत्तराचा वास यांनीं या माशा चवताळतात आणि थव्यानें पाठलाग करतात. त्या उठल्याच तर हात झाडूं नयेत, तोंड व मान कापडानें झांकावी, आणि पाय सांभाळून शक्य तितक्या लौकर दूर जावें. फार डंख झालेल्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. हें सारें आम्हांस ठाऊक होतें, आणि तरीहि आम्हीं तें मुलांना पायथ्याशीं सांगितलें नव्हतें.

आम्हीं तेथूनच परत फिरण्याचें ठरविलें. सुळक्याचा फेरा हाच मुलांना दिलेला शब्द होता. “गुरुजी, पन्नास पावलांवर आहे,” असें ज्या मुलाच्या प्रश्नानें ही सहल निघाली त्यानेंच डोळ्यांत पाणी आणून म्हटलें. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु पन्नास पावलें जावयास लागणारें पाणी, परत येण्यास लागणारें पाणी आणि त्या आजारी मुलास लागणारें पाणी यांची बेरीज उरलेल्या बाटल्यांत बसत नव्हती. उरलेलें पाणी एकत्र केलें. आधीं आजारी मुलास घोंट घोंट पाजलें, त्याच्या मानेवर ओला रुमाल ठेवला, मग बाकीच्यांस झांकणानें मोजून दिलें. कोणीं कुरकुर केली नाहीं. उतरतांना झाडींत गारवा लागला, तेथें तासभर बसलों, आणि मुलगा हंसूं लागला तेव्हां आमच्या जिवांत जीव आला.

प्रश्न विचारणारा मुलगा शिरढोणपर्यंत आमच्याशीं एक शब्द बोलला नाहीं. पळस्प्याला बस येण्याची वाट पाहतांना मात्र जवळ येऊन त्यानें विचारलें कीं, माशांचीं पोळीं वर्षांतून कोणत्या महिन्यांत नसतात. आम्हांस सांगतां आलें नाहीं. वाटाड्यास विचारून ठेवूं असें कबूल केलें आहे. दुसऱ्या खेपेची तारीख अद्याप ठरावयाची आहे. पाण्याच्या बाटल्या मात्र त्या दिवशीं फाट्यावरच मोजल्या जातील, आणि आरंभ शिक्षकांच्या पिशव्यांपासून होईल.